लायसनची सही भाड्याने घेऊ का?

अण्णा, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय २६. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, मग जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात एक वर्ष अप्रेंटिस होतो. नंतर सहा वर्षं आमच्या भागातल्या एका जुन्या वायरमनच्या हाताखाली काम शिकलो. दिवाळीपासून स्वतःचं काम सुरू केलंय. आता गावात एका दोन मजली घराचं पूर्ण फिटिंग माझ्याकडे आलंय, पहिलंच मोठं काम. नवीन मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो. तालुक्याला एक लायसनवाले आहेत. ते म्हणाले, दर रिपोर्टमागे ठरलेले पैसे दे, सही-शिक्का मारून देतो, घर बघायला यायचीही गरज नाही. माझे उस्ताद म्हणतात, घरगुती काम म्हणजे लो व्होल्टेज, त्याला लायसन कशाला, ते हाय टेन्शनवाल्यांना. माझा मामेभाऊ इलेक्ट्रिकल डिप्लोमा आहे, सध्या मोबाइलच्या दुकानात बसतो. त्याने युट्यूबवर पाहिलं की लो व्होल्टेजचं वेगळंच लायसन असतं. आम्हा दोघांना पुढे कॅमेरे आणि सोलरचंही करायचंय. वडील म्हणतात, हातात कला आहे, कागदाच्या नादी लागू नको. मी काय करू?

— अमळनेर तालुक्यातला एक वाचक

भाऊ,

ती सही घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकतो, कारण मीटरचा अर्ज भरून तयार असेल आणि घरमालक रोज फोन करत असेल. चार दिवस उशीर झाला तर त्याचं काही बिघडत नाही. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, कारण तुझ्यासारखी पोरं मला पारोळ्यात भेटतात, शहाद्यात भेटतात, रावेरला केळीच्या चेंबरवर काम करताना भेटतात. हात चांगला असतो आणि कागद एकाकडेही नसतो.

तुझ्या उस्तादांचा अनादर करत नाही. सहा वर्षं त्यांनी तुला घडवलं. पण ‘लो व्होल्टेज’ या शब्दाने त्यांची फसगत केली आहे, आणि त्यांच्या पिढीत ती पुष्कळांची झाली. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत २५० व्होल्टपर्यंत लो, २५० ते ६५० मीडियम, ६५० ते ३३,००० हाय आणि त्याच्या वर एक्स्ट्रा हाय अशी विभागणी होती. ही फक्त दाबाची मापं. लो म्हणजे कमी धोक्याचं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शेतातली पंपाची थ्री फेज मीडियममध्ये येते आणि तुझं दोन मजली घर लोमध्ये. आपल्याकडे घराघरात पोचणारी वीज हीच आहे, म्हणून माणसंही हिलाच सापडतात. ३३ हजाराच्या तारेजवळ कोण जातं?

एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, चोपड्याकडचा. मे महिना, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. एका नव्या घरातून निरोप आला की कूलर झिणझिण्या देतो. पत्र्याचा मोठा कूलर, खिडकीला लावलेला. घरातली सून रोज दुपारी नळी लावून त्यात पाणी भरायची, अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून. तिने सासूला सांगितलं, सासूने सांगितलं चप्पल घालत जा. असे पंधरा दिवस गेले होते.

मी प्लग काढला. तीन पिनचा, चांगल्या कंपनीचा. सॉकेटही तीन भोकांचं. मग बोर्ड उघडला. समोर तीन भोकं आणि मागे वायरी दोनच. हिरवी वायर पाइपातून आलेली होती, पण पाइपाच्या तोंडाशीच कापलेली. सॉकेटचा अर्थिंगचा पितळी स्क्रू नवा कोरा चमकत होता. त्याला कधी स्क्रूड्रायव्हर लागलाच नव्हता. मी घरातले अकरा बोर्ड उघडले आणि अकराही तसेच निघाले. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा होता, मीटरच्या बोर्डापर्यंत वायरही होती, आणि तिथे सगळं संपलं होतं.

घरमालकाने टेस्ट रिपोर्ट दाखवला. अर्थिंग ठीक, इन्शुलेशन ठीक, खाली सही आणि गोल शिक्का. मी विचारलं, हे सही करणारे कधी आले होते? तो म्हणाला, त्यांना आम्ही पाहिलंच नाही. वायरमननेच कागद आणून दिला.

त्या घरात कोणाचा जीव गेला नाही. पण तो पितळी स्क्रू मला अजून दिसतो.

आता हिशेब बघ. हा हिशेब उस्तादांनाही दाखव, त्यांना पटेल. ओला हात आणि अनवाणी ओला पाय, यांमध्ये माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरतात. २३० ला हजाराने भाग. ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब जवळपास तेवढाच करंट घेतो. एवढ्याने काळीज बंद पडतं. आणि त्या कूलरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा होता. त्याच्या दृष्टीने एक बल्ब लागला, इतकंच. तो हलणारही नाही. लोक म्हणतात, एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात लाइन तोडतो. तुझ्या दोन मजली घरात तो लावलास ना? नसेल तर मीटर लागण्याआधी लाव, मालक खर्चाला नाही म्हणाला तर हा कूलरचा किस्सा सांग.

एवढ्यावर थांबत नाही, कारण आपल्या मातीचं वेगळं आहे. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी असते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि खड्ड्यातली प्लेट मातीपासून सुटते. पावसाळ्यात मोजलेला आकडा उन्हाळ्यात राहत नाही. समज, खड्ड्याचा रोध २० ओहम झाला. फेज कूलरच्या पत्र्याला लागली तर अर्थिंगमधून साडेअकरा अँपिअर जातील, ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा जमिनीतला रस्ता धरला तर त्याहूनही कमी. १६ चा एमसीबी तेवढ्यालाही पडत नाही, आणि पत्रा जिवंत राहतो, म्हणजे त्यात करंट खेळत राहतो. म्हणजे अर्थिंग जोडलेलं असूनही घात. आणि कूलर लागतात ते नेमके त्याच दिवसांत. म्हणून मी आपल्या भागात खड्ड्याला पाणी घालायचा पाइप वर काढल्याशिवाय आणि आरसीसीबीशिवाय एकही घर हातावेगळं केलं नाही.

आता तुझा मूळ प्रश्न, लायसन लागतं का. लागतं. त्याच १९५६ च्या नियमांत ४५ वा नियम होता. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, त्यात तो २९ वा झाला. २०२३ मध्ये पुन्हा नवे विनियम आले आणि ती अट त्यांतही कायम आहे. त्याचं सार असं: ग्राहकाच्या जागेतलं विजेचं कोणतंही काम, नवीन असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, ते राज्य सरकारचं लायसन असलेल्या ठेकेदाराने घ्यायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरने प्रत्यक्ष देखरेख करायची आणि परवाना असलेल्या वायरमनने हाताने करायचं. माणसं तीन आणि कागदही तीन. हाय टेन्शन की लो टेन्शन, असा फरक त्यात नाही.

सूट आहे, आणि ती नीट समजून घे, कारण तुझं रोजचं निम्मं काम तिच्यात बसतं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायची असतील आणि त्याने फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर लायसन लागत नाही. जळालेला स्विच काढून तसाच दुसरा लाव, कोणी विचारणार नाही. पण त्याच बोर्डातून गिझरसाठी नवीन पॉइंट ओढलास की क्षमता बदलली. तिथून पुढे नियम लागू.

म्हणजे ते दोन मजली घर, दीडशे-दोनशे पॉइंट, स्वतंत्र डीबी (एमसीबींची पेटी), हे सगळं विनापरवाना काम झालं. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण ज्याची सही तू विकत घेणार आहेस त्याला हे पक्कं ठाऊक आहे, आणि तुला ते नीट कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो.

त्या सहीचं पुढे काय होतं ते बघ. अपघात झाला, माणूस किंवा जनावर दगावलं, तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे तो कळवावा लागतो आणि विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. तो बोर्ड उघडतो, अर्थिंग मोजतो, टेस्ट रिपोर्ट मागतो. मग विचारतो, काम प्रत्यक्ष कोणी केलं? गावात हे लपत नाही. घरमालक तुझंच नाव सांगणार, कारण त्याने तुलाच पाहिलंय. लायसनवाला म्हणणार, मी याला ओळखत नाही, माझ्या शिक्क्याचा गैरवापर झाला. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुझ्याकडे पैसे दिल्याची पावतीही नसेल. म्हणजे पैसे तू दिलेस, सही त्याची गेली, आणि जबाबदारी तुझ्याचकडे राहिली.

मी स्वतः विशीत असताना अशाच एका माणसाकडे कामाला होतो. टेबलाच्या खणात कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा, सगळ्यांवर आधीच सह्या झालेल्या. आम्ही पोरं जाऊन आकडे भरायचो. मेगर, म्हणजे वायरीचं इन्शुलेशन मोजायचं यंत्र, कपाटात होता, त्याची पेटी कधी उघडलेली मी पाहिली नाही. अर्थिंगचा आकडा काय टाकू, असं विचारलं की ते म्हणायचे, दोन टाक. मी दोन टाकत गेलो. किती घरांत टाकले असतील, मोजलेलं नाही. त्या घरांपैकी काहींवरून अजून जाणं होतं, आणि उन्हाळ्यात खिडकीला कूलर दिसला की बरं वाटत नाही. म्हणून तुला इतक्या तळमळीने लिहितोय.

आता रस्ता. तू समजतोस तितका तो लांबचा नाही.

तुझी आयटीआयची आणि अप्रेंटिसची प्रमाणपत्रं घरात कुठेतरी पेटीत असतील. ती काढ. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड पास झालेल्याला वायरमन परवान्यासाठी वेगळ्या परीक्षेच्या फेऱ्यात पडावं लागत नाही, त्या कागदांवर अर्ज करता येतो. जुनी माणसं याला अजून पीडब्ल्यूडीचं लायसन म्हणतात. हा परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, अर्ज ऑनलाइन होतो. फी आणि अनुभवाच्या अटी भरायच्या दिवशी मंडळाच्याच संकेतस्थळावर वाच. सायबर कॅफेतल्या कोणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. काही अडलं तर जळगावला विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात सरळ जाऊन विचार. तिथे जायला आपली पोरं उगीच बिचकतात. आणि नावाचं स्पेलिंग आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि आयटीआय या तिन्हींवर एकच आहे का ते आजच बघ. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी सुपरवायझरची. वायरमनला अनुभवानंतर परीक्षा देऊन ती गाठता येते. पण इलेक्ट्रिकलची पदवी किंवा पदविका असेल तर अनुभवाच्या दाखल्यावर परीक्षेतून सूट मिळते. इथेच मला तुझं पत्र वाचताना सगळ्यात जास्त आनंद झाला. अरे, तुझा मामेभाऊ डिप्लोमा आहे आणि मोबाइलचे कव्हर विकत बसलाय! ज्या माणसासाठी तू दुसऱ्याला पैसे मोजायला निघालास तो तुझ्या घरातच आहे. त्याला आधी एखाद्या लायसनधारक ठेकेदाराकडे किंवा कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात लागू दे आणि अनुभवाचा खरा दाखला मिळवू दे. पगार कमी असला तरी चालेल. मोबाइलच्या दुकानातला अनुभव इथे धरत नाहीत.

ठेकेदाराच्या लायसनला मालक स्वतः सुपरवायझर असलाच पाहिजे असं नाही. त्याच्याकडे पूर्णवेळ सुपरवायझर आणि वायरमन असायला हवेत. तो सुपरवायझर दोन ठिकाणच्या पटावर चालत नाही. म्हणजे तू वायरमन, मामेभाऊ सुपरवायझर, दोघांची भागीदारी आणि लायसन भागीदारीच्या नावावर. भागीदारीचा करार मात्र कागदावर कर, नात्यात असलात तरी. उद्या त्याने साथ सोडली तर मंडळाला कळवून दुसरा सुपरवायझर दाखवावा लागतो, नाहीतर लायसन असूनही काम थांबतं.

लायसन देताना जागेचा पत्ता, माणसांची मूळ प्रमाणपत्रं आणि मोजमापाची साधनं बिलासकट बघतात. ५०० व्होल्टचा मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर. बरीच पोरं ही साधनं दाखवण्यापुरती उसनी आणतात. तू तसं करू नकोस. परवाना येईपर्यंत वाट बघू नकोस, पहिल्या कमाईतून मेगर घे. ड्रिल मशीन जुनं चालेल, मेगर स्वतःचा पाहिजे.

तो वापरायचा कसा, तेही सांगतो, कारण आयटीआयला एकदा दाखवतात आणि नंतर विसरतं. मेन बंद. सगळे बल्ब, पंखे, उपकरणं काढलेली, आणि सगळे स्विच चालू. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून एका टोकाला, अर्थ दुसऱ्या टोकाला. हँडल एका लयीत फिरव. डिजिटल असेल तर बटण दाब आणि आकडा स्थिरावू दे. एक मेगओहमच्या खाली आलं तर काम पास नाही. मग एकेक एमसीबी बंद करत जा. ज्या सर्किटला आकडा वर उडी मारेल तिथे खोट आहे. मला एकदा धरणगावात एका सर्किटवर ०.२ दाखवत होतं. दोन तास शोधलं. शेवटी देवघरात सापडलं, फोटोसाठी ठोकलेला खिळा पाइपातून वायरीच्या अंगाला लागला होता, नुसतं इन्शुलेशन खरवडून. लाइट सगळे छान लागत होते. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली असती की देवघराची भिंत जिवंत झाली असती. ते डोळ्यांना दिसत नाही आणि टेस्टरलाही कळत नाही. मेगर नसता तर ते घर मी पास करून निघून आलो असतो.

त्यानंतर फेज आणि न्यूट्रल एकमेकांपासून सोडवून त्या दोघांमध्ये मोज, या वेळीही उपकरणं काढलेली आणि स्विच चालू ठेवून. मग प्रत्येक सॉकेटच्या अर्थपासून मेन अर्थपर्यंत जोड आहे का ते बघ. तोच तो पितळी स्क्रू. मग स्विच फेजमध्येच आहे ना, न्यूट्रलमध्ये नाही ना. न्यूट्रल तोडणारा स्विच बंद केला तरी होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलणारा वर चढतो.

युट्यूबचं म्हणशील तर मामेभावाने पाहिलं ते खोटं नाही, फक्त ते अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्निया राज्यात ९१ व्होल्टपर्यंतच्या यंत्रणांसाठी, म्हणजे कॅमेरे, अलार्म, डेटा केबल वगैरेंसाठी, ‘लो व्होल्टेज सिस्टिम्स’ नावाचं वेगळं ठेकेदारी लायसन आहे. आपल्याकडे लो व्होल्टेज म्हणजे घरातले २३० व्होल्ट, तिकडे त्या लायसनच्या भाषेत कॅमेऱ्याची वायर. एकाच शब्दाने दोन गावांची वाट दाखवली. आपल्याकडे कॅमेऱ्याच्या १२ व्होल्टच्या वायरीला वायरमन परवाना कोणी मागत नाही. पण त्या अ‍ॅडॉप्टरला लागणारा २३० चा नवीन पॉइंट तू खांबावरून किंवा गच्चीवरून ओढलास की वरचा नियम लागला. आणि कॅमेऱ्याची केबल पॉवरच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नकोस. चित्रात रेघा येतात हे सोड, कधी इन्शुलेशन गेलं तर डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या, डब्यावर २३० उभे राहतात.

सोलरची घाई करू नका. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे आणि गावोगाव मागणी आहे, हे खरं. पण सबसिडी नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत काम केलं तरच मिळते, आणि पॅनेलकडून येणारी लाइन डीसी असते. एसीचा ठिणगीचा धागा दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन तुटतो, डीसीचा तसा तुटत नाही. ढिल्या जोडावर तो जळत राहतो. आधी घराची कामं दोन वर्षं अंगात मुरू द्या.

आणखी एक, हे न विचारता सांगतो. गावात तुला लोक डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर, चढायला सांगतील. फ्यूज उडालाय, लाइनमन येत नाही, भरणी अडलीय, भाऊ तू एवढं कर. अशा पोरांना आपल्याकडे झिरो वायरमन म्हणतात. पगार नाही, नेमणूक नाही, विमा नाही, आणि लाइन कोणी पाठीमागून चालू केली तर परत येणं नाही. मीटरच्या आधीचं, म्हणजे वीज कंपनीच्या बाजूचं काम तुझं नाही. परवाना मिळाल्यावरही ते तुझं नाही. शेजारी रुसला तरी चढू नकोस.

वडिलांना काय सांगायचं? ते म्हणतात हातात कला आहे. ती आहेच, आणि त्यांना तिचा अभिमान आहे. पण शेतकरी बाप सातबाऱ्याशिवाय शेत आपलं मानत नाही, जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसलेली असली तरी. त्यांना सांग की हा माझ्या हाताचा सातबारा आहे. आणि उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं किंवा दवाखान्याचं काम घ्यायचं म्हटलं तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वेगळी नोंदणी लागते, तिथे पहिला प्रश्न हाच असतो. आपल्या अहिराणीत विचारतील, लायसन शे का, म्हणजे आहे का? तेव्हा दुसऱ्याचा शिक्का दाखवून चालत नाही.

गिऱ्हाईक मात्र दराची कुरकुर करणार. बिनलायसनचा पॉइंटमागे कमी घेतो, तू जास्त का घेतोस? त्याच्याशी नियमांवर बोलू नकोस. मेगर काढ आणि त्याच्यासमोर मोज. आकडा त्याला स्वतः वाचू दे, आणि तो रिपोर्टवर त्याच्यासमोरच लिही. ज्या घरात मी असं केलं तिथे पैशांवरून वाद झालेला मला आठवत नाही.

राहिलं आत्ताचं घर. अमळनेर किंवा जळगावमधला असा लायसनधारक शोध जो येऊन बघतो. असे आहेत, पुष्कळ आहेत. चार जणांना विचारलंस की नाव कळतंच. त्याच्याकडे जाऊन खरं सांग: काम माझ्या हातून झालंय, परवाना अजून नाही, अर्ज करतोय, तुम्ही हे काम तुमच्याकडे घ्या, तपासा, चुकलं असेल ते दाखवा, मी तुमच्या देखरेखीखाली दुरुस्त करतो. तो कदाचित रागावेल. चार बोर्ड उघडायला लावेल, डीबीची वायर बदलायला सांगेल. गिझर-एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर आहे का अडीचचीच ओढलीस, ते तो हमखास बघेल, तू आधीच बघून ठेव. त्याची फी तू आज सहीसाठी देणार होतास त्याहून जास्त असेल. ती मालकाशी बोलून बिलात उघडपणे धर. पुढची दोन-तीन वर्षं त्याच्याच पटावर वायरमन म्हणून राहायला मिळालं तर बघ. तुझा अनुभवाचा दाखला तिथूनच निघेल, आणि मामेभावालाही तिथेच चिकटवता आलं तर सोन्याहून पिवळं.

मालकाला आज संध्याकाळी सांगून टाक की मीटर आठ-दहा दिवस उशिरा लागेल आणि का लागेल. बोर्डांची झाकणं अजून लावली नसतील तर लावू नकोस, तपासणाऱ्याला मागच्या वायरी दिसू देत. तळमजल्यापासून सुरुवात कर, प्रत्येक सॉकेटची हिरवी वायर हाताने ओढून बघ. आणि मेगरवर दोन्ही मजल्यांचं रीडिंग काय आलं ते मला कळव.

तुझा,
अण्णा